दम आणि घड्याळ

गेल्या पावसाळ्यात मैदानावर चिखल झाल्यामुळे शारीरिक शिक्षणाचा तास वर्गातच घ्यावा लागला, आणि बोलता बोलता नववीच्या मुलांत एक वाद निघाला. एकाचे म्हणणे असे की, मोबाईलवरील हल्लीचे खेळ फार सोपे झाले आहेत. ज्याला काहीच येत नाही त्यालाही आपण जिंकलो असे वाटावे, अशीच त्यांची रचना असते. दुसऱ्याचे म्हणणे, खेळ पुष्कळांना आवडावयाचा तर तो सोपा व्हावयासच हवा. अवघड खेळ गावात चारच जण खेळणार. हा वाद बराच रंगला. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, मग कबड्डी सोपी झाली की अवघड झाली?"

वर्ग गप्प झाला आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही गप्प झालो. प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर तासाच्या घंटेपूर्वी देता येण्याजोगे नव्हते. पुढे वर्षभर आम्ही ह्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. काही वाचले, काही जुन्या खेळाडूंना विचारले, काही मैदानावर करून पाहिले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम खेळाची पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. महाराष्ट्रात ज्याला हुतूतू म्हणत, त्यालाच दक्षिणेत चेडुगुडू आणि बंगालात हाडूडू अशी नावे होती. संजीवनी, गामिनी आणि अमर असे त्याचे तीन प्रकार खेळले जात. संजीवनीत बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा जिवंत होऊन मैदानात येई; आजची कबड्डी ह्याच प्रकारातून वाढली. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, त्यांत हा खेळ होता. १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि नियमांना एकसूत्रीपणा आला. खेळाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचणारे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी ह्यांचे नाव ह्या संदर्भात आदराने घेतले जाते. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. इतका सारा प्रवास झाला तरी खेळाचे मर्म मात्र एकच राहिले होते, आणि ते मर्म म्हणजे दम.

दम म्हणजे नेमके काय, हे ज्यांनी केवळ दूरचित्रवाणीवर कबड्डी पाहिली आहे त्यांना समजावून सांगणे अगत्याचे आहे. चढाई करणाऱ्याने एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' असा उच्चार मोठ्याने आणि अखंड करीत प्रतिपक्षाच्या अंगणात जावयाचे, गडी टिपावयाचा आणि उच्चार तुटण्यापूर्वी मध्यरेषेच्या आत परतावयाचे. उच्चार हा श्वास न घेतल्याचा पुरावा असतो. बोलताना हवा बाहेर पडते, आत घेता येत नाही. स्वस्थ बसून श्वास रोखणे वेगळे आणि धावत, वाकत, हुलकावण्या देत, सात जणांच्या हातांतून निसटत तो रोखणे वेगळे. श्रमाने स्नायूंत कार्बन डायऑक्साइड वायू झपाट्याने तयार होतो, रक्तात त्याचे प्रमाण वाढते आणि शरीर श्वास घेण्यासाठी आकांत करू लागते. जो जितका अधिक झुंजेल, त्याचा दम तितका लवकर संपेल. म्हणजे ह्या खेळातील काळाची मर्यादा बाहेरून घातलेली नव्हती. ती खेळणाऱ्याच्या छातीत होती, आणि प्रत्येकाची निराळी होती.

निपाणीकडील एका वृद्ध खेळाडूंची आम्ही मुद्दाम भेट घेतली. तरुणपणी तंबाखूच्या वखारीमागील पटांगणात ते खेळत असत. उत्तम पकड कशी साधावी, असे आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, डोळ्यांनी बघून पकड होत न्हाई. कान लावाय पायजे. आवाज बारीक झाला की समजायचं, पाखरू आता घरट्याकडं वळणार. त्याच टायमाला पाय धरायचा." हे ऐकून आम्हांला एक गोष्ट नव्याने कळली. दम हा चढाई करणाऱ्याचा भार होता हे तर खरेच, पण तो बचाव करणाऱ्यांचे ज्ञानही होता. प्रतिपक्षाच्या आवाजातील कंप ओळखणे, तो थकला आहे की थकल्याचे सोंग करतो आहे हे ताडणे, ही एक विद्या होती. आणि चतुर चढाईपटू मुद्दाम आवाज क्षीण करून बचाव करणाऱ्यांना पुढे ओढीत असत, असेही ते म्हणाले. हे सांगताना त्यांनी स्वतः तसा आवाज काढून दाखविला. वय झालेले, पण ओसरीवर बसलेली नातवंडे दचकून पाहू लागली.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा आरंभ झाला. आठ शहरांचे आठ संघ, रंगीत मॅट, झगझगीत दिवे आणि प्रत्येक सामना दूरचित्रवाणीवर. पहिल्याच हंगामाच्या प्रेक्षकांची संख्या ४३ कोटींवर गेल्याचे प्रसिद्ध झाले. क्रिकेटखालोखाल हाच खेळ पाहिला गेला. २०१७ पासून संघ बारा झाले. पहिल्या वर्षी सर्वांत महाग ठरलेले राकेश कुमार ह्यांच्यावर १२ लाख ८० हजारांची बोली लागली होती. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत ह्यांच्यासाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले गेले. पूर्वी कबड्डीपटूला रेल्वेत, पोलिसांत किंवा बँकेत नोकरी मिळाली की त्याचे भाग्य उजळले असे समजत. ज्या खेळाला शहरातील लोक गावंढळ म्हणून नाक मुरडीत, त्या खेळाच्या खेळाडूंची चित्रे आज आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवर आहेत, आणि ह्या गोष्टीचा आनंद न मानणे हा कृतघ्नपणा होईल. सीमाभागात तर आणखी एक गंमत आहे. बंगळूर आणि पुणे ह्यांचे संघ समोरासमोर आले की एकाच घरात थोरला एका बाजूचा आणि धाकटा दुसऱ्या बाजूचा असतो. जेवणाची पाने वाढलेली तशीच राहतात.

लोकप्रियतेसाठी खेळात कोणते बदल करावे लागले, ते आता पाहू. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे आणि ती मोजणारे घड्याळ प्रेक्षकांना पडद्यावर सतत दिसते. एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळविलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारा बाद. हिला 'डू ऑर डाय' म्हणतात, आम्ही 'करो या मरो' म्हणू. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना त्यांनी पकड साधली तर एक गुण अधिक मिळतो. ती 'सुपर टॅकल'. एकाच चढाईत तीन किंवा अधिक गुण मिळविले तर तिचा 'सुपर रेड' म्हणून गौरव होतो. दम घोकण्याचा नियम पुस्तकातून काढलेला नाही. तथापि पंचांचे आणि प्रेक्षकांचे लक्ष जेथे गेले आहे, ते ठिकाण म्हणजे घड्याळ.

असे का झाले असावे? आमच्या मते कारण सरळ आहे. दम दिसत नाही. हजारो प्रेक्षकांच्या गजरात तो ऐकूही येत नाही. दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या माणसाला चढाई करणाऱ्याच्या छातीत काय चालले आहे हे कळावयाचे तरी कसे? घड्याळातील ३०, २९, २८ मात्र लहान मुलालाही कळते. लोकप्रियता खेळाला सोपा करते, असे आमच्या वर्गातील पहिल्या मुलाचे म्हणणे होते. ते आम्हांला अपुरे वाटते. लोकप्रियता काठिण्य काढून टाकीत नाही. ती न दिसणारे काठिण्य मागे सारते आणि दिसणारे काठिण्य पुढे आणते. 'करो या मरो'च्या चढाईत खेळणाऱ्यावर येणारा ताण पूर्वीच्या कित्येक चढायांहून अधिक आहे, ह्यात संशय नाही. पूर्वी आघाडीवर असलेला संघ निदानरेषा ओलांडून नुसता परत येई आणि वेळ काढी. प्रेक्षक कंटाळत आणि मागे पडलेला संघ हताश होई. ती पळवाट ह्या नियमाने बंद केली. येथे खेळ अवघड झाला आणि चांगलाही झाला, हे आम्ही मनःपूर्वक मान्य करतो.

पण दमाचे काय? ह्याचे उत्तर पुस्तकात सापडेना, तेव्हा आम्ही आमच्या मैदानावर एक लहानसा प्रयोग केला. मुलांचे दोन संघ केले. पहिल्या दिवशी जुन्या रीतीने, म्हणजे दम मोठ्याने आणि अखंड, घड्याळ नाही. मध्यरेषेवर एक पंच कान देऊन बसलेला. दुसऱ्या दिवशी हातात थांबघड्याळ, दम ओठांतल्या ओठांत चालेल अशी सवलत. पहिल्या दिवशी चढाया आखूड झाल्या. मुले घाईने जात आणि घाईने परतत. एकदा झटापट झाली की बहुतेकांचा आवाज तुटे. दुसऱ्या दिवशी तीच मुले अंगणात सावकाश फिरू लागली, संधीची वाट पाहू लागली आणि अखेरच्या पाच सेकंदांत एकदम झेप घेऊ लागली. बघणाऱ्यांना दुसरा दिवस अधिक आवडला. खेळणाऱ्यांना विचारले तर मते विभागली. एक किरकोळ अंगाचा मुलगा, जो एरव्ही पहिल्या सातांत कधीच येत नाही, तो पहिल्या दिवशी सर्वांत उठून दिसला होता. त्याचे घर मळ्यात. रोज सायकलने चढ चढून तो शाळेत येतो. त्याची छाती घट्ट होती. दुसऱ्या दिवशी घड्याळाने सर्वांना सारखे केले आणि तो पुन्हा राखीव खेळाडूंत जाऊन बसला.

एका मैदानावरील दोन दिवसांच्या खेळावरून सिद्धान्त मांडू नये, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु नियम बदलला की उत्तम खेळाडू कोण ह्याचे उत्तरही बदलते, एवढे त्या मुलाकडे पाहून आमच्या मनात पक्के ठसले.

नियम बदलण्याचा आणखी एक परिणाम ७ ऑक्टोबर २०२३ रोजी साऱ्या जगाने पाहिला. चीनमधील हांगचौ येथे आशियाई क्रीडास्पर्धांतील पुरुषांचा अंतिम सामना भारत आणि इराण ह्यांच्यात चालू होता. गुण समसमान, वेळ अगदी थोडा उरलेला. पवन सेहरावत चढाईस गेले आणि कोणास स्पर्श न करताच बाजूच्या पट्टीत, म्हणजे लॉबीत, त्यांचा पाय पडला. इराणचे बचावपटू त्यांच्या मागोमाग त्याच पट्टीत आले. आता बाद कोण? जुन्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे मागे आलेले बचावपटूही बाद. लीगमध्ये रूढ झालेल्या नव्या नियमाप्रमाणे फक्त चढाई करणारा बाद. एका पक्षाने एक पुस्तक पुढे केले, दुसऱ्याने दुसरे. खेळाडू मैदानात बसून राहिले, पंचांचा निर्णय फिरला, पुन्हा फिरला आणि सामना सुमारे तासभर खोळंबला. शेवटी भारताने ३३–२९ असा विजय मिळविला. विजयाचा आनंद झालाच. पण ज्या खेळाचा आम्ही जगाला परिचय करून दिला, त्याच्या अंतिम सामन्यात नियम कोणता हेच ठरलेले नसावे, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

इराणचे नाव निघालेच आहे, तर आणखी थोडे सांगितले पाहिजे. लीगमध्ये फजल अत्राचली ह्यांच्यासारखे इराणी खेळाडू येऊन खेळले, आमच्या उत्तम खेळाडूंच्या खोडी त्यांनी जवळून पाहिल्या, आणि २०१८ साली जाकार्ता येथे इराणच्या पुरुषांनी उपांत्य सामन्यात भारताला २७–१८ असे हरविले. आशियाई स्पर्धांत तोवर भारताच्या पुरुषांचे सुवर्णपदक कधी चुकले नव्हते. त्याच स्पर्धेत इराणच्या महिलांनीही भारताच्या महिलांना अंतिम सामन्यात २७–२४ असे नमविले. त्यांच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. हे वृत्त आम्ही वर्गात सांगितले तेव्हा काही मुलांना राग आला. आम्हांला मात्र ह्यात रागावण्यासारखे काही दिसत नाही. खेळ पसरला की प्रतिस्पर्धी बलवान होतो, आणि बलवान प्रतिस्पर्धी हे खेळातील सर्वांत खरे काठिण्य होय. ते कोणत्याही नियमाने निर्माण करता येत नाही.

खो-खोचे उदाहरण ह्याच जातीचे आहे, पण त्याबद्दल आमचे मत इतके अनुकूल नाही. खो-खोचे सारे सौंदर्य पाठलाग करणाऱ्यावर घातलेल्या बंधनांत आहे. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरावयाचे नाही. मधली पाटी ओलांडावयाची नाही. पळणारा मात्र मोकळा. म्हणूनच योग्य क्षणी 'खो' देणे ही कला झाली. २०२२ साली सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने पाठलाग करणाऱ्यांत एक 'वजीर' नेमला, आणि त्याला कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा दिली. सूर मारून किंवा खांबाला झोका घेऊन गडी टिपला तर गुणही अधिक ठेवले. सूर डोळ्यांत भरतो, हे खरे. परंतु जुन्या खो-खोत चार खो अचूक देऊन पळणाऱ्याला कोंडीत पकडणाऱ्या, स्वतः एकही गडी न मारणाऱ्या खेळाडूचे श्रेय कोठे गेले? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुषांनी व महिलांनी, दोघांनीही नेपाळला हरवून चषक जिंकले. दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे ह्यांच्याकडे होते. खेळाला हे वैभव हवेच होते. तरीही शालेय वयात वजिरावाचूनचा खो-खो आधी शिकवावा, असा आमचा आग्रह आहे. बंधनातील डाव ज्याला समजला त्याला मोकळीक केव्हाही समजते.

आता ज्या वादापासून आरंभ झाला त्या मोबाईलवरील खेळांकडे पाहू. ह्या विषयात आमचे विद्यार्थीच आमचे गुरू आहेत, हे आधी कबूल करतो. त्यांच्याकडून जे ऐकले आणि नंतर जे वाचले त्यावरून दिसते की, येथेही काठिण्याचा इतिहास वाटतो तितका सरळ नाही. १९७८ साली जपानमध्ये निघालेला 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावर होता. डाव लवकर संपला तरच दुसरे नाणे पडणार. म्हणून तो खेळ जितका पुढे जाल तितका वेगवान होई. ते काठिण्य गल्ल्यासाठी होते. 'जुने ते अवघड, म्हणून जुने ते थोर' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. २०१२ साली निघालेल्या 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव मिळतात. ते संपले की अर्ध्या तासाने एक जीव परत येतो, नाहीतर पैसे भरून ताबडतोब मिळतो. हेही एक काठिण्यच, पण त्यात खेळाडूच्या बुद्धीची परीक्षा किती आणि खिशाची किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या मुलांत प्रिय असलेल्या 'बीजीएमआय'मध्ये नेम धरण्यास यंत्र साह्य करते आणि नवख्या खेळाडूसमोर खऱ्या माणसांबरोबर संगणकाने चालविलेले प्रतिस्पर्धीही सोडले जातात. त्यांना मुले 'बॉट' म्हणतात. एका मुलाने आम्हांला सांगितले, "सर, पहिले आठ दिवस मला वाटलं मी फार भारी खेळतो. मग कळलं, मी ज्यांना मारत होतो ती माणसंच नव्हती." त्याच्या चेहऱ्यावरील खंत पाहून आम्हांला हसावे की त्याचे सांत्वन करावे हे कळेना.

ह्याच्या उलट उदाहरणही आहे. २०२२ साली आलेल्या 'एल्डन रिंग' ह्या जपानी खेळात सोपा-अवघड अशी निवड करण्याची सोयच नाही. शंभरदा हरावे तेव्हा एखादा राक्षस पडतो. तरी वर्षभरात त्याच्या दोन कोटींवर प्रती खपल्या. म्हणजे लोकांना अवघड नको असते हे म्हणणे खोटे ठरले. परंतु हे खेळ आज असंख्य लोक स्वतः खेळण्याऐवजी दुसऱ्याला खेळताना पाहतात, आणि पडद्यावर कोसळणारा वीर हे पाहण्यासारखे दृश्य असते. येथेही दिसणारे काठिण्यच लोकप्रिय झाले, असे आम्हांला वाटते. दुसरीकडे, २०१८ सालच्या 'सेलेस्ट' ह्या खेळात ज्याला चढण झेपत नाही त्याने वेग कमी करून घ्यावा अशी सोय कर्त्यांनी ठेवली, आणि ज्याला झेपते त्याच्यासाठी चढण तशीच ठेवली. हाताने अधू असलेल्या मुलालाही तो खेळ शेवटपर्यंत खेळता येतो. सोपेपणा सगळाच निंद्य नव्हे. दुसऱ्याची कसोटी न बिघडविता जो एखाद्याला दार उघडून देतो, त्या सोपेपणाला आम्ही नावे ठेवणार नाही.

पुन्हा मैदानावर येऊ, कारण आमच्या शाळेपुढील खरी अडचण तेथे आहे. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. निपाणीकडील काळी माती आणि बेळगाव-खानापूर बाजूची तांबडी माती, दोहोंवर खेळून वाढलेली आमची मुले अनवाणी खेळतात. मातीत पाय किंचित सरकतो आणि त्या सरकण्यावर त्यांची सारी हुलकावणी बसलेली असते. मॅटवर बूट घातला की पाय जागच्या जागी रुततो. वळण्याचा जोर गुडघ्यावर येतो. मातीतील सवयीचा उपयोग तर होत नाहीच, उलट अडथळा होतो. गेल्या वर्षी आमचा एक संघ स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला. मुले कमी पडली असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी त्या दिवशी मॅट प्रथमच पाहिली होती, आणि निम्म्यांनी बूट मागून आणले होते. पडद्यावर जी रंगीत मॅट दिसते ती प्रत्येक गावात आपोआप अंथरली जाणार आहे, असा काहीसा समज लोकप्रियतेबरोबर पसरला आहे. प्रत्यक्षात पूर्ण मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. तेवढी मॅट घेणे, ती पावसापासून जपणे, तिच्यासाठी छप्पर उभारणे हे आमच्यासारख्या शाळेला सोपे नाही. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी ह्या बाबतीत विचार करावा, म्हणून हे येथे मुद्दाम लिहीत आहोत.

आणि मुलींविषयी. आमच्या शाळेत आज मुलांपेक्षा मुलींचा संघ सरस आहे, हे मुलेही आता नाकारीत नाहीत. भारताच्या महिलांनी २०२३ च्या त्याच आशियाई स्पर्धांत अंतिम सामना तैवानच्या संघाविरुद्ध २६–२५ असा एका गुणाने जिंकला. इतका चुरशीचा सामना पुरुषांच्याही वाट्यास क्वचितच येतो. तरीही प्रो कबड्डी लीगच्या संयोजकांनी महिलांसाठी २०१६ साली तीन संघांची जी स्पर्धा घेतली, तिचा दुसरा हंगाम झाला नाही. आठवीतील आमच्या एका विद्यार्थिनीने प्रश्न केला, "आमचा खेळ लोकांना आवडत नाही म्हणून दाखवत नाहीत, की दाखवत नाहीत म्हणून आवडत नाही?" हा प्रश्न मागच्या बाकावरील त्या मुलाच्या प्रश्नाहूनही अवघड आहे. दिसणाऱ्या काठिण्याविषयी आम्ही इतके लिहिले. येथे तर सारा खेळच पडद्याआड राहिला.

मागच्या बाकावरील त्या मुलाला आम्ही दिलेले उत्तर असे होते: कबड्डी सोपी झाली नाही, तिच्या कसोटीची जागा छातीतून घड्याळात गेली, आणि ह्या स्थलांतरात काही मिळाले, काही हरवले. त्याचे समाधान झाले नाही. "मग सर, आपण काय खेळायचं?" असे त्याने लगेच विचारले. तालुका स्पर्धेत ३० सेकंदांचेच घड्याळ असणार, त्यामुळे त्याचा सराव सोडता येणार नाही, हे आम्ही त्याला सांगितले. परंतु शाळेच्या वार्षिक क्रीडामहोत्सवातील सामने आमच्या हाती आहेत. ह्या वर्षी त्यांत दोन पंच असतील. एकाच्या हातात थांबघड्याळ राहील, आणि दुसरा मध्यरेषेजवळ बसून फक्त ऐकेल. आवाज तुटला की घड्याळात कितीही सेकंद उरले असोत, तो शिटी वाजवील. ह्या दुसऱ्या पंचाच्या जागी बसण्यासाठी निपाणीकडील त्या वृद्ध खेळाडूंना आम्ही निमंत्रण पाठविले आहे. येण्याचे त्यांनी कबूल केले असून, मैदानाभोवती ध्वनिक्षेपक लावू नये एवढीच अट घातली आहे.